उठून उभं राहायचं कुणासाठी?

२४ ऑगस्ट २०२१. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरजवळच्या गोळवलीत केंद्रीय मंत्री नारायण राणे दुपारचं जेवत होते आणि पोलीस त्यांना अटक करायला आले. पुढ्यात जेवण आणि भोवती कार्यकर्त्यांचा, खाकी वर्दीचा गराडा, हे दृश्य महाराष्ट्राने त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर डोळे दुखेपर्यंत पाहिलं. आदल्या दिवशी महाडमध्ये जनआशीर्वाद यात्रेत राणे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल बोलले होते. पंधरा ऑगस्टच्या भाषणात स्वातंत्र्याला किती वर्षं झाली हे मुख्यमंत्र्यांना शेजारी विचारावं लागलं, आपण तिथे असतो तर कानाखाली दिली असती, असा त्याचा आशय. वेगवेगळ्या शहरांत गुन्हे दाखल झाले, शिवसैनिक आणि भाजपचे कार्यकर्ते रस्त्यावर भिडले, आणि रात्री उशिरा महाडच्या न्यायालयाने राणेंना जामीन दिला.

या सगळ्यात मान नेमका कुणाचा गेला, यावरून एका घरात मामा-भाचीत जो वाद जुंपला तो अजून चालू आहे. दिवाळीला भेटले की चालू, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की चालू.

"दोन्ही पदांचा गेला," मामा म्हणतात. "मुख्यमंत्र्याच्या कानाखाली मारायची भाषा करणारा चुकला आणि केंद्रीय मंत्र्याला ताटावरून उठवणाराही चुकला. ठाकरे-राणेंचं आपापसात काय असेल ते असो. पण एक राज्याचा मुख्यमंत्री होता, दुसरा भारत सरकारचा मंत्री."

"साध्या माणसाला पोलीस रोज ताटावरून उठवतात, मामा. तेव्हा नाही कुणी मान गेला म्हणत."

मामा महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी राजशिष्टाचाराच्या कामात गेली. मंत्र्याचा दौरा लागला की विश्रामगृहातला कक्ष, ताफ्यातल्या गाड्यांचा क्रम, व्यासपीठावरच्या खुर्च्या आणि त्यांच्या पाठीवरचे पांढरेशुभ्र टॉवेल, हे सगळं त्यांच्या जिवावर. निमंत्रणपत्रिकेत पालकमंत्र्यांच्या खाली खासदार, त्यांच्या खाली आमदार, मग जिल्हा परिषद अध्यक्ष. एक नाव वरखाली झालं की छापलेल्या पत्रिका रद्दीत आणि विधिमंडळात हक्कभंगाची धमकी. कोनशिलेवर नाव कोरायचं राहिलं म्हणून रात्रीत दुसरी शिळा घडवून आणल्याची हकीकत ते अजूनही रंगवून सांगतात. भाची उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करते. सरपंच आणि सदस्यांच्या अपात्रतेची प्रकरणं हा तिच्या कामाचा मोठा भाग. तिच्या व्यवसायाचा इथे उल्लेख उगाच केलेला नाही. वाद शेवटी तिथेच जाऊन अडकतो.

मामांचं म्हणणं सरळ आहे. "मंत्री कोण आहे हे मी कधी बघितलं नाही. मंत्री आहे एवढं बघितलं. एकदा असा मंत्री आला होता की ज्याला मी घरात पाण्याचा पेलासुद्धा दिला नसता. पण तो दालनात आला आणि मी उठून उभा राहिलो. माझ्यासमोर तो माणूस नव्हता, त्याला निवडून देणारे लाखभर लोक होते."

"आणि ज्या ऐंशी हजारांनी त्याच्या विरोधात मत दिलं, त्यांनी काय करायचं? बसून राहायचं?"

"त्यांनी पाच वर्षं थांबायचं."

लष्करात सॅल्यूट हुद्द्याला असतो, माणसाला नव्हे, हा दाखला अशा वादात कुणीतरी देतोच. मामांनीही दिला. भाचीने तो चालू दिला नाही. जवान आपला कर्नल निवडत नाही आणि पाच वर्षांनी त्याला घरीही पाठवत नाही. इथे जो उठून उभा राहतो तोच नेमणूक करणारा आहे. मालकाने नोकराला किती लवून नमस्कार करायचा, असं तिने विचारलं. मामांना "नोकर" हा शब्द आवडला नाही. ते गप्प बसले, पण हरले नव्हते.

कारण त्यांच्याकडे महाडचा दंडाधिकारी होता.

"त्या रात्री मान राखला तो त्या न्यायालयाने," ते म्हणाले. "समोर केंद्रीय मंत्री. राज्याचे पोलीस कोठडी मागतायत. बाहेर दोन पक्षांचे लोक टपलेले. न्यायिक सेवेतली अगदी खालची पायरी ती. त्या दंडाधिकाऱ्याने सांगितलं, अटकेला कारण होतं, पण कोठडीची गरज नाही. केंद्रानेही ऐकलं, राज्यानेही ऐकलं. तुला त्या दंडाधिकाऱ्याचं नाव आठवतं?"

"नाही."

"मलाही नाही. कुणालाच नाही. माणूस माहीत नाही, पण शब्द चालला. मी म्हणतो तो मान हा."

हा मामांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि भाचीने त्याला लगेच भिडण्यापेक्षा तो दोन तुकड्यांत फोडला. आदेश पाळणं वेगळं आणि आदर वाटणं वेगळं. कायदेशीर आदेश ती पाळेल, तो देणारा कसाही असला तरी. पण आदर मागून मिळत नाही. त्यावर मामांनी जे उत्तर दिलं ते नोंदवण्यासारखं आहे, कारण राजशिष्टाचार सांभाळणाऱ्या माणसाशिवाय ते कुणाला सुचलं नसतं: "मनातला आदर मागितलाय कुणी? मनात काय आहे ते तुझं तू ठेव. खुर्चीतून ऊठ, म्हणजे झालं."

निम्मा वाद खरं तर इथेच मिटायला हवा होता. शिष्टाचार म्हणजे आदराचं नाटक नव्हे. ज्यांना एकमेकांबद्दल काडीचा आदर नाही अशा माणसांना एका व्यासपीठावर बसवून काम पुढे नेण्याची ती सोय आहे. ही सोय मोडली की काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्राने राणे प्रकरणाच्या आधी सहा महिने पाहिलं होतं.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी डेहराडूनला जाण्यासाठी मुंबई विमानतळावर आले, राज्य सरकारच्या विमानात जाऊन बसले, आणि विमानाला सरकारची परवानगीच नाही असं कळल्यावर त्यांना खाली उतरावं लागलं. ते प्रवासी विमानाने गेले. परवानगी मिळाल्याची खात्री राजभवनाने आधी करून घ्यायला हवी होती, असं मुख्यमंत्री कार्यालयाचं म्हणणं. मामांना ही गोष्ट आठवली तरी संताप येतो. "चपराशालासुद्धा असं उतरवत नाहीत. परवानगी द्यायची नव्हती तर आदल्या दिवशी कळवायचं. राज्यपाल म्हणजे राज्याचा पहिला माणूस. त्याला विमानात बसू देऊन उतरवणं हा डाव होता, आणि तो कोश्यारींवर नाही, राजभवनावर खेळला गेला."

भाचीला विमानाचं फारसं काही वाटत नाही. तिला आठवते ती बारा नावांची यादी. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या १२ सदस्यांची नावं मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवली होती आणि ती राजभवनात पडून होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. राज्यपाल त्यांच्या पदाच्या कामासाठी कोणत्याही न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, हे राज्यघटनेचं कलम ३६१ सांगतं. म्हणून ऑगस्ट २०२१ च्या निकालात न्यायालयाने राज्यपालांना आदेश दिला नाही. वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा काळ आहे, एवढंच म्हटलं.

"बघ, न्यायालयाने पदाचा आब कसा राखला," मामा म्हणाले.

"आणि पदाने न्यायालयाचा कसा राखला, तेही बघा. त्यानंतरही त्या यादीवर सही झाली नाही."

पुढे ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगताना राज्यपालांपुढे त्यासाठी पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. तोवर कोश्यारी पदावरून गेलेही होते. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांबद्दलच्या त्यांच्या उद्गारांवरून राज्यभर मोर्चे निघाले. त्या मोर्चांत एक गंमत होती. राज्यपालांवर टीका करू नका, पदाची प्रतिष्ठा जाते, असं त्यांची बाजू घेणारे म्हणत होते. आणि मोर्चेकरीही म्हणत होते की राज्यपालांना परत बोलवा, पदाची प्रतिष्ठा जातेय. दोघांच्याही तोंडी पदाचाच मान. तेव्हा पदाला मान द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा नाहीच. तो मान कुणाच्या ढालीसारखा वापरला जातो, हा आहे.

भाचीचं म्हणणं, पदाला जेवढं संरक्षण लागतं तेवढं घटनेने मोजून दिलंय. राज्यपाल पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही. कलम १९४ प्रमाणे आमदार सभागृहात काय बोलला यावरून त्याला न्यायालयात खेचता येत नाही. त्यापलीकडचं सगळं म्हणजे खुर्चीवरचा टॉवेल. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, त्याने कुणाचा अधिकार कमी झाला? मात्र मान कायद्याने मागायला गेलं की काय होतं, याचा नमुना तिच्याकडे तयार असतो. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि त्यातून पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना देणारं परिपत्रक राज्य सरकारने २७ ऑगस्ट २०१५ रोजी काढलं. त्याची भाषा अशी झाली की, शासनाचे प्रतिनिधी म्हणून दाखवलेल्या लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोहात बसू शकेल, अशी भीती निर्माण झाली. सरकारवरची कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेला चिथावणी असेल तरच तो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगून ठेवलं होतं. आरडाओरड झाली, ऑक्टोबरमध्ये सरकारने परिपत्रक मागे घेतलं.

"ते परिपत्रक चूकच होतं," मामा चटकन म्हणाले. चांगल्या कारकुनाला वाईट मसुदा लगेच ओळखू येतो. "पण अध्यक्षांच्या दालनात जाऊन धक्काबुक्की करणं हे तुझ्या मते टीकेत बसतं का?"

त्यांचा रोख ५ जुलै २०२१ वर होता. विधानसभेला त्या वेळी अध्यक्षच नव्हते. नाना पटोले यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला होता. तालिका अध्यक्ष म्हणून भास्कर जाधव खुर्चीत होते. ओबीसी आरक्षणावरून गोंधळ झाला, आणि दालनात शिवीगाळ-धक्काबुक्की झाल्याचा आरोप ठेवून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आलं. आमदारांनी आरोप नाकारला. तालिका अध्यक्ष म्हणजे तासा-दोन तासांचा धनी. पण त्या तासापुरती खुर्ची सभागृहाची असते, असं मामांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. भाचीने त्यावर २८ जानेवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. अधिवेशनापलीकडचं निलंबन न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. एक वर्षाचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट आहे, कारण हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. इथे जागा भरलेली, पण मतदारसंघ मुका. खुर्चीचा मान राखायला निघालेल्यांनी बारा मतदारसंघांचा मान घालवला, असं तिने सुनावलं.

दोघांचाही नेम बरोबर लागला होता. तालिका अध्यक्षाच्या अंगावर जाणाऱ्या आमदाराला त्या अधिवेशनापुरतं बाहेर बसवायलाच हवं. वर्षभर बसवायला नको. न्यायालयानेही साधारण तेवढंच सांगितलं.

वादाला खरा रंग चढला तो मामांनी जुनी नावं काढल्यावर. पदाचा पहिला मान पदावर बसणाऱ्याने राखायचा असतो, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना ते नकळत भाचीच्या बाजूला आले होते. चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर गेले, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांचा आक्षेप नुसता मुंबईपुरता नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, ही त्यांची तक्रार होती. नेहरूंसारख्या पंतप्रधानाला हे तोंडावर सांगणं म्हणजे पंतप्रधानपदाचा अपमान होता का? मामांच्या मते नव्हता. देशमुखांनी मंत्रिमंडळ नावाच्या संस्थेचा मान राखला, आणि त्यासाठी स्वतःची खुर्ची मोजली.

"आणि अंतुले?" भाचीने विचारलं.

"अंतुल्यांनीही राजीनामा दिला."

"न्यायालयाने सांगितल्यावर."

खरं आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटच्या कोट्याचं वाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये जोडून दाखवला, तेव्हा ते मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले. वर्तमानपत्रांत तो विषय त्याआधी काही महिने गाजत होता. मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी एमडी परीक्षेतल्या गुणवाढ प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्रिपद सोडलं. भाचीचा मुद्दा असा: त्या पत्रकारांनी, अर्जदारांनी आणि न्यायमूर्तींनी मुख्यमंत्री या पदाला हात कसा लावायचा, असा विचार केला असता तर पद स्वच्छ झालं नसतं. मामांचा मुद्दा असा: न्यायालयाच्या शब्दावर मुख्यमंत्री घरी जात होते, म्हणजे पदापेक्षा माणूस मोठा नाही एवढी चाड तरी होती. आज किती जण जातात, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि भाचीने त्याला उत्तर दिलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

याच सुमारास वादात बाबासाहेब आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा रस्ता आहे असं बजावलं होतं, हे भाचीने सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी घटनात्मक मार्ग सोडून रस्त्यावर उतरण्याच्या सवयीलाही विरोध केला होता, हे मामांनी जोडलं. बाबासाहेबांचं एकच वाक्य उचलून घरी जाणाऱ्यांना हे भाषण नेहमीच अडचणीचं ठरतं.

मग २० नोव्हेंबर २०२५ चा शासन निर्णय आला, आणि मामांना आपलं सगळं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं. आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्याने जागेवरून उठून त्यांचं स्वागत करावं, जातानाही उठावं, त्यांचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकावं, फोनवर विनम्रपणे बोलावं. त्यांच्या पत्रांची स्वतंत्र नोंद ठेवावी, दोन महिन्यांत उत्तर द्यावं. समाजमाध्यमांत थट्टा झाली. ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याच्यासमोरही उभं राहायचं का, असं लोक विचारत होते. मामांच्या लेखी प्रश्नच चुकीचा. मतमोजणी अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिलंय ना, मग उठा.

भाचीने मात्र निर्णय दोनदा वाचला आणि वेगळंच काहीतरी काढलं. तिने हिशेब मांडला. विधानसभेचे २८८, विधान परिषदेचे ७८, लोकसभेचे ४८, राज्यसभेचे १९. मिळून ४३३ माणसं. "ज्यांच्यासमोर महाराष्ट्रात कुणी बसून राहिल्याचं मी तरी पाहिलं नाही, त्या ४३३ जणांसाठी उठा, हे सांगायला कागद खर्च झाला. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. सरपंचही लोकांनीच निवडून दिलेला असतो. मामा, सरपंच दालनात आला तर तुम्ही कधी उठलात?"

मामांनी चष्मा काढून पुसला. सरपंच दालनात येत नसत. ते बाहेर बाकावर बसत, शिपाई आत बोलवेपर्यंत.

इथून वाद उलटा फिरला, आणि लेखाचा खरा विषयही इथेच आहे. भाची तिच्या कामाबद्दल क्वचितच बोलते, पण बोलली. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये शासकीय जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला अपात्र ठरवणारी तरतूद आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी ताणला: मूळ अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचं असलं आणि सदस्य तिथे राहून त्याचा फायदा घेत असला, तरी अपात्रता. हेतू चांगला. पण गावात ही तरतूद कुणावर चालते? ज्याच्याकडे सातबारा आहे, वाडा आहे, त्याच्यावर नाही. ती चालते गायरानात घर असलेल्यांवर, म्हणजे बहुतेक दलित, भटके, भूमिहीन यांच्यावर. आरक्षणामुळे अशा घरातली बाई सरपंच झाली की सहा महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो.

तिच्या पक्षकारांबद्दल ती नावानिशी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणाबद्दल बोलली. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात २०२१ च्या फेब्रुवारीत महिला राखीव जागेवर एक बाई सरपंच झाल्या. त्या सासूबरोबर शासकीय जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. आपण नवरा-मुलांसह वेगळं, भाड्याच्या घरात राहतो, हे त्यांचं उत्तर. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला. उच्च न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे सगळं रद्द केलं आणि मुदत संपेपर्यंत सरपंच म्हणून काम करायची त्यांना मुभा दिली. निकालात न्यायालयाने स्पष्टच म्हटलं की, एक बाई सरपंच झाली आणि आता तिचे निर्णय ऐकावे लागणार, हे गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, असं हे प्रकरण आहे. सरकारी यंत्रणेने किती सहज तिला बाजूला केलं, यावरही ताशेरे ओढले.

तमिळनाडूतलं एक प्रकरण ती याच दमात सांगते. २०२० मध्ये कुड्डलोर जिल्ह्यातल्या तेर्कु तिट्टै पंचायतीच्या दलित महिला अध्यक्षांना बैठकीत जमिनीवर बसवल्याचं छायाचित्र देशभर फिरलं. बाकीचे सदस्य खुर्च्यांवर होते.

"मग?" मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "गावाच्या मनात त्या बाईबद्दल आदर नव्हता. तू म्हणतेस माणूस बघून आदर द्यावा. गावाने माणूसच बघितला की! जात बघितली, बाई बघितली, घर बघितलं, आणि जमिनीवर बसवलं. तिच्याकडे तुझा मनातला आदर मिळवायला होतंच काय? पद होतं. तेवढंच होतं. तुझी सगळी वकिली त्या पदावर चालते, आणि मला सांगतेस की पदाला मान कशाला?"

भाची हसली, पण मुद्दा तिने मान्य केला, स्वतःच्या अटीवर. पदाचा मान वरच्या पायरीवर आपोआप मिळतो, तिथे त्याला कुणी हात लावत नाही. तिथे कमतरता असते ती प्रश्न विचारणाऱ्यांची. खालच्या पायरीवर प्रश्न सगळेच विचारतात, तिथे मान कमी पडतो. एकच नियम दोन्हीकडे लावून चालत नाही. मामांनी आयुष्यभर वरच्या खुर्च्यांचे टॉवेल सरळ केले, खालच्या खुर्च्या आहेत की नाहीत हे कुणी पाहिलं नाही.

मामांना हे पूर्ण पटलेलं नाही. नियम एकच असावा, आणि तो वरपासून खालपर्यंत पाळावा, असं ते अजूनही म्हणतात. सरपंचासाठीही उठावं, हे मात्र ते आता म्हणतात.

लेखकाला या वादात मामांचं पारडं थोडं जड वाटतं, भाचीच्या उदाहरणांमुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना सहा हजार रुपये झालं, सर्वांत मोठ्या गावात दहा हजार. ही वाढ योग्य होती. पण सरपंचाची अडचण पैशांपेक्षा त्याच्या शब्दाला किंमत नसण्याची आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागण्याला अडथळा आल्यामुळे हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खटल्यात तेव्हाच्या एका मंत्र्यांचे निकटवर्तीय आरोपी आहेत, आणि ४ मार्च २०२५ रोजी त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सरपंचपदाची जरब गावगुंडाला एवढीच वाटते.

तेव्हा शासनाला एक विनंती. आमदार-खासदारांच्या पत्रांसाठी जी स्वतंत्र नोंद आणि दोन महिन्यांत उत्तराची मुदत ठरवली आहे, ती सरपंचाच्या पत्रालाही लागू करावी. उठून उभं राहण्याचं कलम हवं तर गाळावं. आणि सरपंचाच्या अपात्रतेच्या अर्जावर पहिला आदेश देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी तिचं म्हणणं नीट तपासावं. विचखेड्याच्या सरपंचबाईंना न्याय मिळाला तेव्हा पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षं उलटून गेली होती.